रुळापासून खाटेपर्यंत

सियालदह स्थानकातून बाहेर पडून आचार्य जगदीशचंद्र बोस रस्ता ओलांडला की नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयाचे फाटक लागते. चालत गेले तर काही मिनिटांचे अंतर. पण फलाटावर कोसळलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून इथवर आणायचे म्हटले, तर तेवढ्या वेळात तो भारतीय संविधानाच्या तिन्ही सूचींमधून फिरून येतो. तो पडला ती जागा रेल्वेची, म्हणजे केंद्र सूचीतली. तिथे कायदा करणार संसद. त्याला ज्या खाटेवर निजवायचे ती खाट राज्य सूचीतली, नोंद ६ : सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये, दवाखाने. तिच्याबद्दल बोलणार पश्चिम बंगालची विधानसभा. खाटेशी उभा राहून नाडी पाहणारा डॉक्टर समवर्ती सूचीत, नोंद २६. त्याच्यावर केंद्र आणि राज्य दोघांचाही हात. सलाइनच्या नळीतून जाणारे औषध त्याच सूचीत, पण नोंद १९.

खाट एकाची, डॉक्टर दोघांचा. आपल्याकडच्या आरोग्यविषयक कायद्यांचा बहुतेक घोळ, आणि बहुतेक गंमतही, या एका वाक्यात आहे.

सियालदहला तर हा घोळ नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. स्थानकाला लागून पूर्व रेल्वेचे बी. आर. सिंग रुग्णालय आहे, रेल्वेच्या माणसांसाठी. जवळच कामगार विम्याचे रुग्णालय आहे; त्याचा पाया १९४८चा केंद्रीय कायदा. आणि रस्त्यापलीकडे राज्य सरकारचे नीलरतन सरकार, ज्याला सगळे कोलकाता ‘एनआरएस’ म्हणते. तिथल्या डॉक्टरची नोंदणी करणारी पश्चिम बंगाल वैद्यक परिषद अजून १९१४च्या बंगाल वैद्यक कायद्याखाली चालते. म्हणजे रोग्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावण्याचा अधिकार देणारा कागद पहिल्या महायुद्धाच्या वर्षातला. मुंबई इलाख्याने असा कायदा १९१२मध्येच केला होता. बंगाल जे आज करतो ते बाकीचा देश उद्या करतो, असे अभिमानाने सांगणाऱ्या एखाद्या कोलकातावासी मित्राला ही दोन वर्षे जरूर ऐकवावीत.

एनआरएस ही संस्था मुळात १८७३ची. ब्रिटिश काळात ती कॅम्पबेल म्हणून ओळखली जाई. इथल्याच एका साध्या खोलीत उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी काळा आजारावरचे युरिया स्टिबामाइन तयार केले आणि असंख्य माणसे वाचली. डॉ. नीलरतन सरकार स्वतः इथले विद्यार्थी; १९५०मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. एवढी पुण्याई असलेल्या या दारात ८ जुलै १९९२च्या रात्री जे घडले, त्यातून भारतातल्या रोग्याचा एक मोठा हक्क जन्माला आला.

त्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला दक्षिण २४ परगण्यातल्या मथुरापूर स्थानकात एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार, मेंदूत रक्तस्राव. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती. डॉक्टरांनी पुढे न्यायला सांगितले. रात्री पावणेबाराला त्याला सियालदहच्या एनआरएसमध्ये आणले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी कवटीचे दोन एक्स-रे काढले आणि ताबडतोब दाखल करा असे लिहिलेही. पण खाट नव्हती. शस्त्रक्रियेचा आपत्कालीन कक्ष भरलेला, नेहमीचा वॉर्डही भरलेला.

मग सुरू झाली ती वरात. बारा वाजून वीस मिनिटांनी कलकत्ता मेडिकल कॉलेज : खाट नाही. एक वाजता शंभुनाथ पंडित रुग्णालय : मेंदूच्या तातडीच्या रुग्णांसाठी विभागच नाही. दोन वाजता कलकत्ता नॅशनल मेडिकल कॉलेज : खाट नाही. मधल्या वेळात एका खाजगी ठिकाणी १३१० रुपये मोजून सीटी स्कॅन. सकाळी आठला बांगूर मज्जासंस्था संस्था : अहवाल पाहून सांगितले, हे प्रकरण आमच्या आवाक्यातले नाही. दहाला एसएसकेएम : मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नाही. शेवटी कलकत्ता मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूट या खाजगी रुग्णालयात त्याला जागा मिळाली. २२ जुलैपर्यंत तो तिथे होता आणि खर्च आला सुमारे १७ हजार रुपये. १९९२ साली शेतमजुराच्या घरात १७ हजार म्हणजे काय, याचा हिशेब वाचकाने स्वतःच करावा.

गाडीतून पडल्यापासून चौदा तास. शहरातली सहा सरकारी दारे, आणि प्रत्येक ठिकाणी मिळालेले उत्तर त्या दारापुरते खरे होते. मला या प्रकरणातली सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट हीच वाटते. कुणी खलनायक नाही. खाट खरोखरच नव्हती, विभाग खरोखरच नव्हता. चूक होती ती दोन दारांच्या मधल्या जागेत, कारण एका दाराला दुसऱ्या दाराआडची रिकामी खाट दिसत नव्हती.

हा माणूस ज्या संघटनेचा सभासद होता, ती पश्चिम बंग खेत मजूर समिती थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती लीलामय घोष यांची चौकशी समिती नेमली. तिने काही अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला आणि पुढे काय करावे याच्या शिफारशीही केल्या. ६ मे १९९६ रोजी न्यायमूर्ती एस. सी. अग्रवाल आणि जी. टी. नानावटी यांनी निकाल दिला. सरकारी रुग्णालयाने गरजू रोग्याला वेळेवर उपचार नाकारले तर तो अनुच्छेद २१चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरतो. पैसा नाही ही सबब इथे चालणार नाही. त्या शेतमजुराला २५ हजार रुपये भरपाई मिळाली.

पण निकालाचा खरा ऐवज त्यातल्या सूचनांमध्ये आहे, आणि त्या वाचताना प्लंबरची यादी वाचल्यासारखे वाटते. प्राथमिक केंद्रात रोग्याला किमान स्थिर करण्याची सोय असावी. जिल्हा आणि उपविभाग पातळीवरची रुग्णालये सुधारावीत. रुग्णवाहिकेत उपकरणे आणि माणसे असावीत. आणि एक मध्यवर्ती संपर्क यंत्रणा असावी, जिच्यावरून कुठे खाट रिकामी आहे हे कळेल आणि रोगी थेट तिकडेच जाईल. न्यायालयाने पुढे असेही म्हटले, की हा निकाल पश्चिम बंगालबद्दल असला तरी बाकीच्या राज्यांनीही ही पावले उचलावीत. म्हणजे मथुरापूरच्या त्या रात्रीतून निघालेली सूचना गडचिरोलीलाही लागू झाली आणि सिंधुदुर्गालाही. त्या दोन जिल्ह्यांत ती किती लोकांना ठाऊक आहे, हा वेगळा विषय.

आता न्यायालयाचा निकाल आणि विधानसभेचा कायदा यांच्यामध्ये बरेच मोठे मैदान असते. १९८९मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की अपघातातल्या जखमीवर आधी उपचार करा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. २००६मध्ये विधी आयोगाने आपल्या २०१व्या अहवालात तातडीच्या उपचारांचा एक नमुना कायदा राज्यांसाठी लिहूनही दिला. २०१०मध्ये संसदेने वैद्यकीय आस्थापनांचा कायदा केला. पण रुग्णालये राज्य सूचीत, मग संसदेने हा कायदा केला कसा? यावर संविधानात एक सुरेख चोरवाट आहे, अनुच्छेद २५२. दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव करून विनंती केली, तर राज्याच्या विषयावरही संसद कायदा करू शकते. अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम आणि सिक्कीम या चार राज्यांनी तशी विनंती केली. देशाचा रुग्णालय कायदा चार डोंगरी राज्यांच्या खांद्यावरून आला! बाकीच्यांनी हवा तर स्वीकारायचा. महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपण अजून १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावर आहोत. पश्चिम बंगालनेही स्वतःचाच कायदा ठेवला, आणि २०१७मध्ये तो नव्याने लिहिला.

त्या नव्या लिखाणामागे काय होते, हे पाहताना मी थबकलो. फेब्रुवारी २०१७मध्ये कोलकात्यातल्या एका खाजगी रुग्णालयात एक मुलगी दगावली, आणि संतापलेल्या जमावाने तिथे तोडफोड केली. आठवड्याभरात मुख्यमंत्र्यांनी खाजगी रुग्णालयांच्या चालकांना बोलावून भर सभेत बिलांचा जाब विचारला. ३ मार्चला विधानसभेत विधेयक मंजूरही झाले. जिथे तोडफोड झाली ते रुग्णालय कोणते? कलकत्ता मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूट. १९९२च्या जुलैत सहा दारे बंद झाल्यावर ज्याने सातवे दार उघडले, तेच.

या कायद्याचे नावच त्याचा रोख सांगते : नोंदणी, नियमन आणि पारदर्शकता. त्याने एक नियामक आयोग नेमला. रोग्याचा नातेवाईक तिथे बिलाबद्दल किंवा हलगर्जीबद्दल तक्रार करू शकतो आणि आयोग ५० लाखांपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. अपघातातला जखमी, ॲसिड हल्ल्याची किंवा बलात्काराची बळी यांच्यावर पैशाचा विचार न करता तातडीचे उपचार करणे बंधनकारक झाले. म्हणजे १९९२चा धागा इथे कायद्याच्या कलमात येऊन पोचला. पण गंमत पाहा : सरकारी रुग्णालये या कायद्याच्या कक्षेबाहेर. त्या रात्रीची सहाच्या सहा दारे सरकारी होती. कलम आले ते सातव्या दारावर. डॉक्टरांच्या संघटनांनी तेव्हाच यावर बोट ठेवले होते, आणि माझ्या मते त्यांचे म्हणणे रास्त होते.

इथवर आपण रोग्याच्या बाजूने चाललो. त्याच सियालदहमधून डॉक्टरच्या बाजूचाही एक रस्ता फुटतो.

१० जून २०१९च्या रात्री एनआरएसमध्ये एका वृद्ध रोग्याचा मृत्यू झाला. जमाव आला, दोन कनिष्ठ डॉक्टरांना मारहाण झाली, त्यांतल्या एकाची कवटी फुटली. राज्यभरातले कनिष्ठ डॉक्टर आठवडाभर कामावर गेले नाहीत. १४ जूनला महाराष्ट्रात ‘मार्ड’च्या निवासी डॉक्टरांनी काम बंद ठेवले, १७ तारखेला देशभरच्या डॉक्टरांनी. मागणी एकच : डॉक्टरांच्या संरक्षणाचा कायदा करा.

आणि कायदा तर होता! पश्चिम बंगालमध्ये २००९पासून, महाराष्ट्रात २०१०पासून. दोन्हीकडे रुग्णालयातला हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा. आपल्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ५० हजारांपर्यंत दंड आहे, मोडलेल्या सामानाच्या दुप्पट भरपाईही आहे. मुंबईपुण्याच्या कितीतरी रुग्णालयांत त्याची पाटी टांगलेली दिसते. पाटी वाचून कुणी हात आवरल्याचे मात्र ऐकिवात नाही.

पण ठिणगी पडली होती. केंद्राने सप्टेंबर २०१९मध्ये देशव्यापी कायद्याचा मसुदा काढला आणि वर्ष संपायच्या आत तो गुंडाळलाही. एका पेशासाठी वेगळा फौजदारी कायदा कशाला, असा गृहखात्याचा सूर. मग आला करोना. डॉक्टरांवर, आशा कार्यकर्त्यांवर दगड पडू लागले, आणि २२ एप्रिल २०२० रोजी केंद्राने अध्यादेश काढला. त्यासाठी नवा कायदा लिहीत बसायला वेळ नव्हता, म्हणून कपाटातला एक जुना काढून त्यात कलमे घातली. तो होता १८९७चा साथरोग कायदा.

मराठी वाचकाला हे साल सांगावे लागत नाही. मुंबईत १८९६मध्ये प्लेग आला, पुण्यात पसरला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ला जेमतेम चार कलमांचा हा कायदा झाला. झाला कुठे? कलकत्त्यात, कारण राजधानी तिथे होती. सरकारच्या अंगात आलेले सारे बळ त्या चार कलमांतले. पुण्यात सोजिरांनी घराघरांत शिरून केलेल्या झडत्या, रँडचा कारभार, २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी झाडलेल्या गोळ्या, हे सगळे त्याच्यामागून आले. ज्या कायद्याच्या नावाने पुणेकर माणसाच्या अंगावर काटा यायचा, त्याच कायद्यात १२३ वर्षांनी डॉक्टर-परिचारिकांसाठी ढाल बसवली गेली : हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षे, गंभीर इजा केल्यास सहा महिने ते सात वर्षे. सप्टेंबर २०२०मध्ये संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. कलकत्त्यात जन्मलेला, पुण्यात बदनाम झालेला आणि सियालदहच्या आक्रोशानंतर वर्षाच्या आत वेगळ्याच कामाला जुंपलेला असा दुसरा कायदा मला माहीत नाही. फक्त एक मेख आहे. ही ढाल साथीच्या काळापुरती. साथ ओसरली की ढाल पुन्हा कपाटात.

ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्यातल्याच आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात कर्तव्यावरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली. तो खटला चालला सियालदह न्यायालयात, स्थानकापासून हाकेच्या अंतरावर. १८ जानेवारी २०२५ला आरोपी दोषी ठरला, २०ला जन्मठेप झाली. दरम्यान ३ सप्टेंबर २०२४ला विधानसभेने बलात्काराविरुद्धचे ‘अपराजिता’ विधेयक एकमताने मंजूर केले होते आणि सगळीकडे बातमी झाली, की बंगालने कडक कायदा केला. केला नव्हता. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो. राज्याला केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद करायची असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते, आणि ती मिळेपर्यंत एकमताने मंजूर झालेले विधेयकसुद्धा नुसता कागद. आपण हे आधी पाहिले आहे. महाराष्ट्राचे तशाच धर्तीचे ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले, आणि ते कायदा झालेच नाही.

कायद्यांचा माग ठेवणाऱ्याला म्हणून बातमीच्या मथळ्यात फारसा रस नसतो. तो राज्यपालांची सही शोधतो. मग राजपत्र. मग ‘हा कायदा शासन ठरवील त्या तारखेपासून अमलात येईल’ हे निरुपद्रवी वाक्य, ज्यात वर्षानुवर्षे झोपा काढता येतात. आणि शेवटी नियम. राजस्थानने मार्च २०२३मध्ये देशातला पहिला आरोग्य हक्क कायदा केला. खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, कारण तातडीचे उपचार फुकट करायचे तर पैसे कोण देणार याचे उत्तर हवे होते. तडजोड झाली, कायदा उभा राहिला, आणि नियमांचे घोंगडे भिजत पडले. नियम नाहीत तर तातडी कशाला म्हणायचे हेच ठरत नाही.

आर. जी. करच्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट २०२४ला राष्ट्रीय कृती दल नेमले. त्यात मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या तेव्हाच्या अधिष्ठाता डॉ. पल्लवी सापळे होत्या. दलाने सांगितले, की २४ राज्यांत डॉक्टरांच्या संरक्षणाचे कायदे आधीच आहेत, वेगळ्या केंद्रीय कायद्याची गरज नाही. पुष्कळ डॉक्टरांना हे रुचले नाही. मला ते पटते, पण अर्धेच. कायदे आहेत हे खरे. त्यांच्याखाली गुन्हा नोंदवायचा असतो हे पोलीस ठाण्यातल्या ठाणे अंमलदाराला ठाऊक असते का, हा प्रश्न कृती दलाच्या वाक्यात बसत नाही.

आर. जी. करच्या घटनेनंतर पेटलेल्या आंदोलनात कोलकात्याच्या कनिष्ठ डॉक्टरांनी सरकारपुढे दहा मागण्या ठेवल्या. सुरक्षा, सीसीटीव्ही, विश्रांतीच्या खोल्या हे सगळे होतेच. पण त्यांत आणखी दोन होत्या : रोग्यांना एका रुग्णालयातून दुसरीकडे पाठवण्याची मध्यवर्ती व्यवस्था, आणि कुठे किती खाटा रिकाम्या आहेत हे दाखवणारा डिजिटल फलक. मागणी करणारी मुले १९९६च्या निकालाच्या सुमाराला जन्मलेली. त्या निकालातली सूचना त्यांनी वाचली होती की आपत्कालीन कक्षात रात्रपाळ्या करताना स्वतःच शोधून काढली, कोण जाणे. पण कारण उघड आहे : ज्याला खाट मिळत नाही त्याचा नातेवाईक ज्याच्यावर हात उचलतो, तो समोर उभा असलेला कनिष्ठ डॉक्टरच असतो. रोग्याचा कायदा आणि डॉक्टरचा कायदा हे दोन वेगळे रस्ते वाटत होते. ते त्या रिकाम्या खाटेपाशी येऊन मिळतात. हे ज्या दिवशी ध्यानात आले, त्या दिवसापासून मी डॉक्टरांच्या संपाच्या बातम्या वेगळ्या नजरेने वाचतो.

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी रोगी पाठवण्याच्या या मध्यवर्ती व्यवस्थेचा पहिला प्रयोग सुरू झाला, सोनारपूरच्या ग्रामीण रुग्णालयातून एम. आर. बांगूर रुग्णालयाकडे. सोनारपूर दक्षिण २४ परगण्यात येते, मथुरापूरच्याच जिल्ह्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला तेव्हा २८ वर्षे होऊन गेली होती.

आपल्याकडचे एक कलम मात्र आजच तपासून पाहता येईल. जानेवारी २०२१मध्ये महाराष्ट्राने १९४९च्या कायद्याखालचे नियम बदलले. त्यानुसार प्रत्येक खाजगी शुश्रूषागृहाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला हवे, आणि तक्रार निवारणाची सोय स्थानिक प्रशासनाने ठेवायला हवी. तुमच्या गल्लीतल्या रुग्णालयात पुढच्या वेळी गेलात की दरपत्रक कुठे लावले आहे ते विचारा. नसेल, तर महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला एक साधे पत्र लिहा, आणि पत्राची पोच घ्या.